यातला मेलेला कोण?

हा प्रश्न पोलिक्सेनीला दिवसातून चार वेळा तरी कोणी ना कोणी विचारायचंच. एव्हिया बेटावरच्या त्या लहानशा संग्रहालयात दुसऱ्या दालनात, खिडकीजवळच्या खुर्चीवर ती एकोणीस वर्षं बसत होती. समोरच्या काचेच्या कपाटात सात उंच, निमुळती भांडी. अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांसाठी तेल भरून थडग्याशी ठेवत ती. त्यातलं चौथं लोकांना फार आवडायचं. पांढऱ्या अंगावर बारीक रेघांनी काढलेलं चित्र: मध्ये थडग्याचा दगड, त्याला फिती बांधलेल्या. एका बाजूला टोपली घेऊन उभी असलेली बाई, दुसऱ्या बाजूला पायरीवर बसलेला पुरुष. दोघांपैकी एक जिवंत आणि एक मेलेला, एवढं नक्की. कोण कुठला, ते चितारणाऱ्यानं सांगितलेलं नाही.

संग्रहालयाच्या मुख्य रोदांथीबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "विद्वानांत मतभेद आहेत." पोलिक्सेनीला याचा राग यायचा. इतकी पुस्तकं वाचून शेवटी हात वरच करायचे, तर आमच्यासारख्यांनी काय वाईट केलं? म्हणून ती आपल्या मनाला येईल ते उत्तर द्यायची. गुडघे दुखत असले तर बाई मेलेली असायची, कॉफी चांगली झाली असली तर पुरुष. या भांड्यांची आणखी एक गंमत तिला माहीत होती. यांतल्या दोन भांड्यांच्या पोटात एक लहानशी वाटी बसवलेली आहे. तेल तेवढ्या वाटीतच मावतं, पण वरून बघणाऱ्याला भांडं काठोकाठ भरलेलं दिसतं. म्हणजे मेलेल्यालाही फसवायचे. तिला त्यात नवल वाटलं नव्हतं, माणसं तीच आहेत.

गेले अकरा दिवस मात्र तिचं उत्तर बदललं नव्हतं. "बसलाय ना, तो मेलेला," ती आपणहून सांगायची. "आणि ती बाई त्याला माफ करायला आलीय."

अकरा दिवसांपूर्वी तिनं आपल्या नवऱ्याला जमिनीतून वर काढलं होतं.

गावच्या दफनभूमीत जागा थोडी आणि मरणारे भरपूर. तीन वर्षं भरली की खड्डा मोकळा करून द्यावा लागतो. हाडं वर काढायची, वाइननं धुवायची, पेटीत घालायची आणि पेटी अस्थिघरातल्या फळीवर ठेवायची. हाडं मेणासारखी पिवळी, स्वच्छ निघाली तर माणूस सुटला. काळी निघाली तर गावाला महिनाभर बोलायला विषय.

तिचा अनेस्तिस गवंडी होता. जिभेनं तिखट, हातानं सढळ, आणि डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलणारा. एकदा छपरावरून पडला आणि डावी मांडी मोडून घेतली. हाल्कीदा शहरातल्या डॉक्टरांनी आत लोखंडी पट्टी बसवली, आठ स्क्रूंनी. दोन वर्षांनी 'पट्टी काढून येतो' म्हणून पुन्हा हाल्कीदाला गेला. पाच दिवसांनी परतला, मांडीला बँडेज बांधून. "जुन्या व्रणातूनच काढली," म्हणाला. पण त्याच्या अंगाला परक्या साबणाचा वास येत होता, आणि हाल्कीदाच्या पुलापाशी खानावळ चालवणाऱ्या एका बाईबद्दल गावात आधीपासून कुजबुज होती. पोलिक्सेनीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. एकोणतीस वर्षं तिनं तो काटा तसाच आत ठेवला. मेल्यावरही त्याच्या थडग्यावर दिवा लावताना ती मनात म्हणायची, पट्टी काढलीस का रे मेल्या?

आणि त्या दिवशी थडगेवाला झिसिस हाडं वर देत गेला तशी ती थक्क होत गेली, कारण हाडं पिवळीधमक होती. तिनं डावी मांडी हातात घेतली, वाइन ओतली, उलटसुलट करून पाहिली. लोखंड नाही. एक स्क्रूसुद्धा नाही.

खरं बोलला होता! आयुष्यात एकदा गाढव खरं बोललं होतं, आणि नेमकं तेव्हाच तिनं विश्वास ठेवला नव्हता. ती तिथंच मातीत बसून रडली. कवटीचं चुंबन घेऊन म्हणाली, "मला माफ कर. आणि जा, मीही तुला केलं. सगळं, सगळं." त्यानंतर ती घरी गेली आणि अकरा रात्री पोरीसारखी झोपली.

त्याच सकाळी, अर्ध्या तासानं, शेजारचा खड्डा उघडला होता. त्यात कोस्मास होता. अनेस्तिस गेला त्याच थंडीत, त्याच आठवड्यात गेलेला, मधमाश्या पाळणारा, मुंगीलाही वळसा घालून जाणारा माणूस. त्याची बायको एवंथिया पांढरा टॉवेल हातावर घेऊन उभी होती. हाडं निघाली ती भिजलेल्या सालीसारखी काळी. कवटी पाहताच ती बाजूच्या कट्ट्यावर बसली ती उठलीच नाही. झिसिसनंच हाडं कशीबशी धुतली आणि पेटी बंद केली.

तेव्हापासून एवंथिया रोज संग्रहालयात यायची. घर खायला उठतं, म्हणायची. पोलिक्सेनीच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसायची आणि भांड्यांकडे बघत एकच धागा उसवत राहायची.

"काय केलं असेल गं त्यानं?"

"अगं, काही नसेल. माती ओली असेल."

"माती तुझ्या अनेस्तिसचीही तीच. मी काल कोस्मासच्या सगळ्या कोटांचे खिसे बघितले. मध विकायला दर महिन्याला हाल्कीदाला जायचा. एक्केचाळीस वर्षं. मध विकायलाच जायचा ना?"

"मग आणखी कशाला जाणार?"

"तेच तर विचारतेय! घरी येताना माझ्यासाठी बदामाची मिठाई आणायचा. दर वेळी. कोणता नवरा दर वेळी मिठाई आणतो? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असणार."

पोलिक्सेनीनं तिचा हात थोपटला. तिला वाईट वाटत होतं, अगदी खरं वाईट. पण त्या वाईट वाटण्यात चमचाभर साखर होती, तेही खरं. चाळीस वर्षं गावानं कोस्मासच्या बायकोचा हेवा केला होता आणि अनेस्तिसच्या बायकोची कीव. "हाडं खोटं बोलत नाहीत बघ," ती उंटावरून शेळ्या हाकत म्हणाली. "माझ्याच नवऱ्याचं घे. लोक काय काय बोलायचे. शेवटी कसा निघाला?"

एवंथियानं मान डोलावली. "शनिवारी चर्चमध्ये मेलेल्यांची नावं वाचतील. पाद्रीबाबांना त्याचं नाव लिहून देऊ की नको, तेच कळत नाही. आधी मला सांगू दे त्यानं, काय ते."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, रोदांथीबाईंनी कपाटाशेजारी एक नवी लाकडी पेटी मांडली. चौथं भांडं ज्या थडग्यातून निघालं होतं त्याच थडग्यातली हाडं, इतकी वर्षं तळघरात पडून होती. आता ती लोकांना दाखवायची होती. पोलिक्सेनी काच पुसायला पुढं झाली.

"हे बघा पोलिक्सेनीबाई, गंमत," रोदांथीबाई नडगीच्या हाडावर बोट ठेवून म्हणाल्या. "इथं गाठ दिसते ना? तरुणपणी पाय मोडला होता याचा."

"तरुणपणी? मग मेला कधी?"

"असेल पन्नाशीचा."

"आणि इतक्या वर्षांत भरून नाही निघालं?"

"भरून निघतं हो, पण मोठ्या माणसाचं मोठं हाड चांगलंच मोडलं की खूण मरेपर्यंत राहते, आणि मेल्यावरही. तिथं जाड होतं, वाकडं होतं. अडीच हजार वर्षं झाली तरी बघा ना."

पोलिक्सेनीच्या हातातलं फडकं काचेवरच थांबलं. तिनं धुतलेली मांडी मेणबत्तीसारखी गुळगुळीत होती. डावीही आणि उजवीही.

त्या दिवशी एका म्हाताऱ्या जोडप्यानं विचारलं, "यातला मेलेला कोण?" पोलिक्सेनी म्हणाली, "मला काय माहीत? मला का विचारता?" आणि रोदांथीबाईंनी दारातून चमकून पाहिलं.

दुपारी ती तडक अस्थिघरात गेली. पेटी काढली, मांडीची दोन्ही हाडं दारातल्या उजेडात धरली. बोटांनी चाचपली, डोळे मिटून चाचपली. गाठ नाही, खड्डा नाही. पण म्हणजे काय? छपरावरून पडलेला अनेस्तिस तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पाय उलट्या दिशेला वळलेला. मग मोडलंच नव्हतं की काय? डॉक्टर, पट्टी, स्क्रू, सगळं तिनं स्वप्नात पाहिलं? तिला आपल्याच डोक्याची शंका येऊ लागली.

झिसिस नळाशी फावडं धूत होता.

"झिसिस, त्या दिवशी तू आधी कोणाला वर काढलंस?"

"तुमच्या माणसाला. अनेस्तिसला."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? कागदावर लिहिलं होतं. तिसरी रांग, चौथा अनेस्तिस, पाचवा कोस्मास."

"दगडावरची नावं नाही वाचलीस?"

"दगड आदल्या दिवशीच काढून सुरूच्या झाडाला टेकवले होते. तुमच्यासमोर काढले असते तर तुम्ही बायका आधीच रडायला लागता, मग माझं काम होत नाही. दगड गेले की सगळी माती सारखीच, तुम्हाला तरी कुठं ओळखू आलं?"

"चौथा कुठून मोजलास?"

"फाटकापासून. मी फाटकातून येतो."

"आणि कागद लिहिणारे कुठून मोजतात?"

झिसिसनं फावडं खाली ठेवलं. फाटकाकडे पाहिलं, मग चर्चकडे. रांगेत आठ थडगी होती. चर्चकडून चौथं, ते फाटकाकडून पाचवं. "ते..." तो म्हणाला, "त्यांनी चर्चपासून मोजलं असेल तर..." आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"दुसऱ्याच्या हाडांत लोखंड होतं का?"

"बाई, आता अर्ध्या गावात लोखंड आहे. कोणाच्या गुडघ्यात, कोणाच्या कमरेत. मी धुतो, मी झाकण लावतो. मेलेल्याची चौकशी करणं माझं काम नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "कोणाला सांगणार आहात का?"

"मला कळलं तर सांगेन ना!"

दोन दिवस तिला काहीच कळलं नाही. गुरुवारी एवंथिया संग्रहालयात आली नाही, याचंच तिला बरं वाटलं. तिचा आधीच गुंता झालेला होता. पिवळा जर कोस्मास असेल, तर तिनं कोस्मासला माफ केलं होतं. एका परक्या, सज्जन माणसाच्या कवटीचं चुंबन घेऊन त्याला पाच दिवसांच्या हाल्कीदाबद्दल माफी दिली होती! बिचारा काय म्हणाला असेल? आणि अनेस्तिस कुठं आहे? तो दुसऱ्याच्या नावाखाली पेटीत पडून सगळं ऐकतोय. जिवंतपणी ताकास तूर लागू दिली नाही, आता मेल्यावरही लपायला जागा मिळाली! पण पट्टी नसली तर? त्या काळ्या हाडांत पट्टी नसली तर तो खरा, फक्त काळा. आणि असली तर खोटा. पेटी न उघडता राहिली तर तो खोटाही नाही आणि खराही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गुरुवारी रात्री ती याच ठरावावर झोपली. बोलायचं नाही.

शुक्रवारी सकाळी एवंथियाच्या दारावरून जाताना उकडलेल्या गव्हाचा वास आला. उद्या मेलेल्यांचा शनिवार, त्यांच्या नावानं वाटायला घराघरांत गहू शिजत होता. पण या घरात? पोलिक्सेनी आत शिरली. एवंथिया टेबलावर पांढऱ्या कापडावर गहू पसरून सुकवत होती, शेजारी डाळिंबाचे दाणे, बदाम, साखर. चेहरा धुतल्यासारखा.

"बस," ती म्हणाली. "झालं माझं. काल गेले होते त्याच्याकडे. पेटी मांडीवर घेतली आणि बोलले सगळं. म्हटलं, तुझी हाल्कीदाला कोणीतरी होती. असणारच. दुसरं काही मला सुचत नाही. पुलापाशी खानावळवाली कोणीतरी, तुझ्यासाठी जेवण वाढून ठेवणारी."

पोलिक्सेनी उभीच राहिली.

"खूप रडले. मग वाटलं, तीही एकटीच असेल बिचारी. दर वेळी हा परत माझ्याकडेच आला ना? म्हटलं, जा कोस्मास. ती बाई, ती हाल्कीदा, सगळं माफ. नाव दिलंय पाद्रीबाबांना." तिनं साखरेचा डबा उघडला. "पापी निघाला, पण माझाच आहे."

झालं होतं. सगळं आपोआप मिटलं होतं. एवंथियाला शांतता मिळाली होती, झिसिसची नोकरी वाचली होती, अनेस्तिस पिवळा आणि खरा राहिला होता. पोलिक्सेनीनं फक्त 'बरं झालं' म्हणून कॉफी प्यायची होती. तिनं तोंड उघडलंही त्याचसाठी. पण समोर भिंतीवर कोस्मासचा फोटो होता. डोक्यावर माश्यांची जाळी वर सारलेली, हातात मधाचं पोळं, हसताना डोळे मिटलेले. आणि त्याच्याच स्वयंपाकघरात त्याची बायको त्याला पापी म्हणत होती, लाडानं. ते तिला बघवेना.

"एवंथिया," ती म्हणाली, "साखर ठेव खाली. आणि माझ्याबरोबर चल."

वाटेत तिनं सगळं सांगितलं. फाटक, चर्च, गाठ, पट्टी. एवंथिया मध्येच थांबून म्हणायची, "थांब. म्हणजे माझा तुझ्या पेटीत?" आणि पुन्हा चालायची. दहा पावलांनी पुन्हा थांबायची. "आणि मी मग कोणाशी बोलले?"

अस्थिघरात दोन्ही पेट्या फळीवर शेजारीशेजारी होत्या. पोलिक्सेनीनं पुढं होऊन कोस्मासच्या नावाच्या पेटीचं झाकण काढलं. काळी हाडं. सगळ्यांत वर डावी मांडी, मधोमध जाड, वाकडी. आणि तिला चिकटलेली लोखंडी पट्टी. पोलिक्सेनीनं स्क्रू मोजले. आठ.

काढलीच नव्हती. तो हॉस्पिटलात गेलाच नव्हता. बँडेज कोणी बांधलं असेल, तेवढंच आता समजायचं राहिलं होतं.

शेजारी एवंथियानं दुसरी पेटी उघडली होती. पिवळी कवटी दोन्ही हातांत धरून ती हसत होती, रडत होती, आणि म्हणत होती, "माझा कोस्मास! मधासारखा! मधासारखा निघालास रे! आणि मी तुला काय काय बोलले!" जरा वेळानं तिचं पोलिक्सेनीकडे लक्ष गेलं. पोलिक्सेनी ते काळं हाड हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तेलही गेलं, तूपही गेलं.

"पोलिक्सेनी," एवंथिया हळूच म्हणाली. "एक आहे बघ. त्याला माफी मिळालीय. मी या पेटीपाशीच दिली ना? ती बाई, ती हाल्कीदा, अगदी नाव घेतल्यासारखं सगळं. तुला आता काही करायला नको."

पोलिक्सेनी गर्रकन वळली. "तू कोण माफ करणारी? एकोणतीस वर्षं मी ते सांभाळलं! जेवताना, झोपताना, त्याच्या शेवटच्या दुखण्यात त्याला चमच्यानं सूप पाजताना! आणि तू एका दुपारी येऊन देऊन टाकलंस?"

"मग परत घेते."

"परत घेता येतं का?"

"मला काय माहीत?" एवंथिया रडवेली झाली. "मी आयुष्यात कोणाला माफ केलंय कधी? माझा नवरा कोस्मास होता!"

पोलिक्सेनीला हसू फुटलं, आणि हसता हसता ते कधी रडणं झालं ते दोघींनाही कळलं नाही. एवंथियानं कवटी अलगद पेटीत ठेवली, कोपऱ्यातली वाइनची बाटली उचलली आणि बूच काढलं. "झिसिसनं काय धुतलं असणार," ती म्हणाली. "तू धर, मी ओतते."

दोघींनी एकेक हाड धुतलं. काळा रंग काही गेला नाही. पोलिक्सेनीनं मांडीचं हाड पट्टीसकट पुसून कोरडं केलं, पेटीत सर्वांत वर ठेवलं आणि वाकली.

"एवंथियानं तुला माफ केलंय," ती त्याला म्हणाली. "ते तुझं नशीब. मी केलेलं नाही. उद्या तुझं नाव वाचतील, ते नीट ऐक. रविवारी मी येते. त्या पाच दिवसांपासून सुरुवात करू."